सत्यभामाबाईंच्या निधनाच्या तारेचे उत्तर

चिखली, जिल्हा बुलढाणा
ता. ९ फेब्रुवारी १९६५

राजमान्य राजश्री भगवंतराव यांचे सेवेशी,

मुलीच्या बापाने करावा तितका वाकून, परंतु कंबरेच्या चालू दुखण्यामुळे मनात होता त्याहून थोडा कमी वाकलेला नमस्कार. आपली, सौ. कोकिळाबाईंची व आमचे जावई चि. माणिकराव यांची प्रकृती उत्तम असावी. थंडी ओसरल्यावर आपला दमा कमी झाला किंवा कसे, आणि यंदा मलकापुरास आपल्या आडतीवर कापसाची आवक समाधानकारक आहे काय, हे सवडीने कळवावे. दिवाळीत आपल्या ओसरीवर बसून मी स्वतःच्या तांब्यातील पाणी प्यालो, त्याचा सौ. कोकिळाबाईंना आलेला राग एव्हाना निवळला असावा अशी आशा आहे. (लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे पाणी घ्यायचे नाही, ही आमच्या घराण्याची रीत आपणांस ठाऊक आहे. तरीही विहीणबाईंनी, ‘इवाईबुवा, आमच्या विहिरीत काय मीठ पडलं का?’ असे सर्वांदेखत विचारले. प्रश्न रास्त होता. मी माझ्याच तांब्यातील आणखी एक घोट घेतला.) इकडे मी, चि. अन्नपूर्णा आणि माझ्या वडील भगिनी श्रीमती सत्यभामाबाई असे तिघेही कुशल आहोत. यांतील तिसरे नाव मी अनवधानाने लिहिलेले नाही.

आपली तार काल पोहोचली. सत्यभामाबाईंच्या आकस्मिक निधनाबद्दल आपण उभयतांनी व्यक्त केलेल्या दुःखाबद्दल मी व सत्यभामाबाई आपले अत्यंत आभारी आहोत. तार त्यांनीच घेतली. मी जिनिंग कारखान्यात होतो, आणि त्या दारात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मजकूर इंग्रजी असल्यामुळे अन्नपूर्णेस वाचावयास बोलावले. ‘कोन गेलं?’ असे त्यांनी विचारले. अन्नपूर्णा म्हणाली, ‘आत्या, तू गेली म्हणते.’ यावर त्यांनी ‘मंग मलकापूरचे येऊन राह्यले का?’ असे विचारले. ‘हाव, मामंजी अन् सासूबाई निघतो म्हणतात,’ असे कळताच त्या म्हणाल्या, ‘तं शेंगा अजून सोला लागतीन.’ आपणांस विनाकारण प्रवास घडू नये म्हणून मी तत्काळ ‘जिवंत, पत्र मागाहून’ अशी उलट तार केली. कोण जिवंत, हे तारेत लिहावयाचे राहिले. ती उणीव या पत्राने भरून निघते.

आता हा गैरसमज कसा उत्पन्न झाला, ते क्रमाने निवेदन करणे माझे कर्तव्य आहे. मुळापासून सांगावयाचे तर कारण अन्नपूर्णेचे पहिले बाळंतपण हेच आहे. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीस अनुसरून सातव्या महिन्यात ओटी भरून आपण तिला आमच्या स्वाधीन केलेत, त्या दिवसापासून मी दुसरे काहीही धड केलेले नाही. कारखान्यात सध्या हंगाम जोरात असून व्यवस्थापक या नात्याने मी तेथे असतो, एवढेच म्हणता येईल. अन्नपूर्णेच्या आईच्या, म्हणजे रुख्मिणीच्या, दुसऱ्या बाळंतपणात काय झाले ते सोयरीक ठरतेवेळी मी आपणांस सांगितले होते. त्याचा पुनरुच्चार करीत नाही. एवढेच लिहितो की या खेपेस स्थळाची निवड ऐकीव माहितीवर करावयाची नाही, असे मी ठरविले होते.

कापसाची गाठ वरून पाहून मी आजवर कधी भाव ठरविला नाही. वरचा कापूस सर्वांचाच पांढरा असतो. मधोमध हात घालून मूठभर काढल्यावाचून गाठ कळत नाही. हीच पद्धत मी दवाखान्यांना लावली. प्रथम आमच्या चिखलीतीलच एका डॉक्टरांचे लहानसे प्रसूतिगृह घेतले. डॉक्टरांशी बोलण्यात अर्थ नव्हता (ते वरचा कापूस होत), म्हणून मी फाटकाबाहेर उभा राहून घरी परतणाऱ्या बाळंतिणींच्या नातेवाइकांना प्रश्न विचारू लागलो. काळी टोपी व बंद गळ्याचा कोट घातलेला गृहस्थ रोज फाटकाशी येऊन उभा राहतो, हे पाहून तेथील कंपाउंडर बाहेर आला आणि त्याने माझे अभिनंदन केले. बाळाचा बाप मी नसून आजोबा होणार आहे, हे मी त्याला सविस्तर समजाविले. तो म्हणाला, ‘लाजू नोका साहेब, होते असं.’ मी विषय बदलून त्यास विचारले की डॉक्टर खेड्यावर रोगी पाहावयास गेलेले असता वेळ आली तर कशी व्यवस्था आहे. त्याने अत्यंत शांतपणे सांगितले, ‘थांबते ना. इथची पोरं डॉक्टरले ओळखतात.’ हे स्थळ मी त्याच दिवशी रद्द केले.

त्यानंतर बुलढाण्याचे श्रीमती सरस्वतीबाई प्रसूतिगृह पाहिले, आणि पाहताक्षणी माझे मन तेथे बसले. पठारावरील गाव असल्यामुळे हवा थंड. चैत्र-वैशाखातही तेथे रात्री पांघरूण लागते. (मलकापुराविषयी अनादर म्हणून नव्हे, परंतु त्या दिवसांत आपल्याकडे पाखरे झाडावरून खाली पडतात, हे आपण स्वतःच लग्नाच्या पंगतीत सांगितले होते.) भिंती चुन्याने रंगविलेल्या, डॉक्टरीणबाई मुंबईस शिकलेल्या, उकळलेल्या पाण्याची निराळी खोली. दाराची रुंदी मी छत्रीने मोजून पाहिली. खाट वळवून आत नेता येते. फाटकाशी भेटलेल्या बायामाणसांपैकी एकीनेही तक्रार केली नाही. शंका उरली ती फक्त रस्त्याची. चिखलीहून बुलढाण्यापर्यंत वेदना होत असलेल्या मुलीला नेताना काय अडचणी येतील, हे केवळ विचार करून समजणे शक्य नव्हते. म्हणून एक पूर्वतयारीची फेरी काढावी, असे मी ठरविले, आणि येथून पुढे घडलेल्या सर्व गोष्टींस मी एकटाच जबाबदार आहे.

वाहन म्हणून मोतीरामची जीप ठरविली. (ही जीप त्याने लढाईनंतरच्या लिलावात घेतलेली असून तिने ब्रह्मदेश पाहिलेला आहे, चालते त्यावरून खरे वाटते.) रुग्ण म्हणून अन्नपूर्णेस नेणे उघडच योग्य नव्हते. सत्यभामाबाईंना विनंती केली. त्यांनी प्रथम नकार दिला, मग भाचीकडे पाहून होकार दिला. पोटाशी उशी बांधावी, या माझ्या सूचनेवर त्या जे बोलल्या ते व्याह्यांस पाठवावयाच्या पत्रात लिहिता येत नाही. उशी सोडून देण्यात आली. मात्र खरी रुग्ण आडवी असणार, तेव्हा त्यांनीही आडवे झाले पाहिजे, अंगावर वाकळ घेतली पाहिजे आणि फेरी यथातथ्य व्हावी म्हणून ही तालीम आहे असे वाटेत कोणासही सांगता कामा नये, या तीन गोष्टी मी मान्य करून घेतल्या. तिसरी गोष्ट मान्य करून घेतली नसती तर आपला तारेचा खर्च वाचला असता.

दिवस गुरुवारचा, आणि मोतीरामने जीप नेमकी बाजारपेठेतून काढली. वयस्क बाई वाकळीखाली निश्चल पडलेली, उशाशी भाऊ गंभीर मुद्रेने घड्याळ पाहत बसलेला, आणि भोंगा बिघडल्यामुळे मोतीराम ‘सरका, सरका, बाई हाये आत’ असे ओरडत चाललेला. शिंप्याने मशीन थांबविले. धान्याच्या राशींमागून माणसे उठून उभी राहिली व टोप्या काढू लागली. एका माळिणीने जीपमध्ये झेंडूची फुले टाकली. मला त्या वेळी हे सर्व चिखलीकरांच्या सौजन्याचे द्योतक वाटले, आणि मी दोन्ही बाजूंना हात जोडीत गेलो. हात जोडल्यामुळे उरलासुरला संशयही फिटला असावा.

प्रसूतिगृहाच्या दारात मी ठरल्याप्रमाणे फक्त ‘तातडीचे आहे’ एवढेच म्हणालो. दोघी परिचारिका धावत आल्या. आजीबाईंचे वय पाहून त्या थबकल्या. परंतु सत्यभामाबाई, शब्द दिलेला असल्यामुळे, एकाही प्रश्नाचे उत्तर देईनात. काय दुखते म्हणून विचारले तरी त्या छताकडे पाहत राहिल्या. वाचा गेली असे समजून त्यांना थेट आत नेले आणि दार लोटले. मी मागोमाग निघालो, तेव्हा पुरुषांना आत मज्जाव आहे आणि बायकांनाही नाही सोडत, असे अदबीने सांगण्यात आले. मी खरा प्रकार सांगू लागलो. परंतु माझे पहिले वाक्य थोडे लांब असते, हे आपण जाणता. ते पुरे होण्यापूर्वी परिचारिका आत गेलेली होती. मी दाराबाहेर उभा राहिलो. अशा दाराबाहेर मी पूर्वीही एकदा उभा होतो, त्यामुळे उभे कसे राहावे हे शिकावे लागले नाही.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई स्वतः सत्यभामाबाईंचा हात धरून बाहेर आल्या. त्यांना काहीही झालेले नाही, फक्त जीपने रक्तदाब चढला आहे, असे त्या म्हणाल्या, आणि मजकडे अशा नजरेने पाहिले की मी छत्री पाठीमागे लपविली. परतीच्या वाटेवर मी मोठ्या भगिनीच्या शिव्यांची वाट पाहत होतो. बरीच वाट मागे पडल्यावर त्यांनी वाकळ नीट घडी घालून मांडीवर घेतली व म्हणाल्या, ‘शाल्या.’ (मी चोपन्न वर्षांचा असून कारखान्यात मला सर्वजण वायाळसाहेब म्हणतात.) ‘शाल्या, इमारत चांगली हाये. बाया चांगल्या हायेत. डागदरीणबाई तं लेकीवानी बोलली. पन आत नेलं अन् दार लोटलं तवा मले भेव वाटला. म्हातारी बाई मी, मले काही झालं बी नव्हतं, तरी इकडंतिकडं पाहत होती का आपलं कोनी दिसते का म्हणून. पोरीले काय वाटन?’ मी छत्री पायाखाली सरकविली. तेव्हा त्या पुन्हा म्हणाल्या, ‘तू दार मोजलं बापा. दारात कोन उभं राहीन ते नाही पाह्यलं.’

मधोमध हात घालून काढलेला नमुना मला अशा रीतीने मिळाला, आणि तो मीच वाकळीत गुंडाळून तेथे पोहोचविला होता.

घरी आलो तो अंगणात शेजारची मंडळी जमलेली, जिनिंगमधील हमालांनी शोक म्हणून यंत्र बंद ठेवलेले, आणि भिंतीशी नवे बांबू उभे केलेले. सत्यभामाबाई जीपमधून उतरल्या, बांबूंकडे पाहिले आणि विचारले, ‘काऊन बे, मांडव कोनाचा हाये?’ खरा प्रकार कळल्यावर मंडळी हळूहळू पांगली, काहींची निराशाही झाली. बांबू परत नेण्यास मात्र कोणी तयार होईना, तेव्हा बाईंनी ते वेलाच्या मांडवासाठी ठेवून घेतले. अंगणातला वाल त्यांवर चांगला चढतो आहे. परंतु चिखलीचा कापूस रोज मलकापुरास येतो, आणि कापसाबरोबर बातमीही येते. ती आपल्यापर्यंत आली, यात आपला काही दोष नाही.

एकंदरीत, प्रवास करण्याची आपणांस आवश्यकता नाही. बुलढाण्याच्या प्रसूतिगृहाचे सर्व गुण पूर्ववत आहेत. सत्यभामाबाईंनी काढलेल्या मुद्द्याचा विचार चालू आहे. या पत्रामागे खुलाशावाचून अन्य हेतू नाही व आपणांस कोणतीही तसदी द्यावयाची नाही. लहानांस आशीर्वाद, थोरांस नमस्कार, आणि सौ. कोकिळाबाईंस, त्या यांपैकी कशातच बसत नसल्यामुळे, स्वतंत्र नमस्कार.

आपला नम्र,
शालिग्राम वामनराव वायाळ, बी. कॉम.

ता. क. आपल्या घराच्या पश्चिमेकडील खोलीस वाळ्याचा पडदा लावण्याजोगी खिडकी आहे काय, हे सहज विचारून ठेवतो. विशेष काही नाही.

ता. क. दुसरा. आपले दिवाणजी पंजाबराव यांनी शनिवारी मला आपल्या बोळाच्या तोंडाशी उभे असलेले पाहिले, हे त्यांनी आपणांस सांगितलेच असेल, आणि ते खरे आहे. त्यांनी ‘आत या’ म्हणून आग्रह केला, तेव्हा मी हात जोडून ‘मला सध्या आत येता येत नाही’ एवढेच म्हणालो. मला पाण्याची रीत अभिप्रेत होती. आत आलो असतो तर विहीणबाईंनी पुन्हा पेला पुढे केला असता आणि मला पुन्हा नाही म्हणावे लागले असते. पंजाबरावांनी मात्र मला सुतक आहे असे मानले, हे आपली तार वाचताना माझ्या ध्यानात आले. गुरुवारची अफवा आणि शनिवारी दारातून परतलेला व्याही, हे दोन्ही पाहता कोणीही समंजस माणसाने तार केलीच असती.

मी मलकापुरास का आलो होतो, हे आता लपविण्यात अर्थ नाही. स्टेशनच्या बाजूस सिंधूताई नावाच्या अनुभवी परिचारिका लहानसे प्रसूतिगृह चालवितात; डॉक्टर भिंतीस भिंत लावून राहतात. मी छत्री नेली नव्हती. एकच प्रश्न विचारला, की घरची एखादी बाई आत बसू शकते काय. त्या म्हणाल्या, ‘बसू शकते म्हणजे? बसाच लागते. मले दोनच हात हायेत, पोरीनं धराले तिसरा कुठून आनू?’ छप्पर पत्र्याचे आहे, दार अरुंद आहे, एप्रिलमध्ये तेथे काय होईल याची कल्पना करवत नाही. माझ्या एकाही कसोटीस ते उतरत नाही. मी तेच पसंत केले आहे.

गुरुवारी सायंकाळी मी अन्नपूर्णेस विचारले होते, की आत तुजजवळ कोण असावे. सत्यभामाबाई तयार आहेत, परंतु गाय वीत असतानाही त्यांना घेरी येते. डॉक्टरांपुढे दोन रुग्ण होतील. अन्नपूर्णेने आधी माझी टोपी खुंटीला लावली. मग म्हणाली की पावसाळ्यात तिला मलकापुरास ताप आला होता (हे आपण मला कळविले नव्हते, असो), तेव्हा सासूबाई उशाशी बसून कपाळावरची घडी बदलीत होत्या, आणि तिला धीर देण्याऐवजी तापालाच शिव्या देत होत्या: ‘मुडद्या, लेकरावर काऊन जोर काढतं, दम असन तं माझ्या अंगात ये.’ ‘बाबा, मले हसू आलं अन् मंग भेव नाही वाटला,’ असे ती म्हणाली. इतके सांगून ती स्वयंपाकघरात निघून गेली. सौ. कोकिळाबाईंची वाणी लग्नात मी अनुभवली आहे आणि तिच्याविषयी माझे काही मत होते. ते मी या पत्राद्वारे मागे घेत आहे.

तेव्हा विनंती अशी, की पहिले बाळंतपण आपल्या घरी राहून सिंधूताईंकडे व्हावे, व आत सौ. कोकिळाबाईंनी बसावे. माहेर असताना सासरी बाळंतपण म्हणजे लोक मला नावे ठेवतील. ती मी ठेवून घेईन. आठवा लागल्यावर प्रवास नको, म्हणून होकार असल्यास लवकर कळवावे. मोतीरामची जीप आणणार नाही.

ता. क. तिसरा. (हे आत्या सांगते आहे, मी लिहिते आहे. अन्नपूर्णा.) ईनबाई, मी सत्यभामा. मेली नाही. भावानं इतके कागद भरले, पन मुद्द्याचं लिव्हलं का नाही देव जाने, म्हणून मी सांगते. पोरगी तुमचं नाव घेते. तिले माय नाही, तं तुम्हीच हा. तिच्यावर ओरडजा, तापवानी तिलेबी शिव्या देजा, पन हात सोडू नोका. वालाच्या शेंगा धाडते.

ता. क. शेवटचा. वरील मजकूर मला न विचारता घातला गेला आहे. मात्र खोडण्याजोगे त्यात काही सापडले नाही. वेळ येईल त्या दिवसांत मी स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरेन व खाणावळीत जेवेन; आपण आग्रह करू नये. दिवसभर मात्र आपल्याच ओसरीवर बसेन. एप्रिल महिना असेल आणि मलकापूर असेल, तेव्हा ओसरीवरचा माठ भरलेला असावा व त्यावर पेला असावा, एवढे विहीणबाईंना सांगावे. सिंधूताईंकडून निरोप आला की तो पेला मी स्वतःच्या हाताने उचलीन. या खेपेस मी माझा तांब्या सोबत आणणार नाही.